तीन मिनिटांचा चेहरा

फेब्रुवारीत सूरजकुंड मेळ्यात आम्ही सातजण एका कुंभाराच्या चाकाभोवती मांडीवर वह्या घेऊन बसतो, तेव्हा लोकांना वाटतं आम्ही मडकी पारखतोय. आमचं लक्ष कुंभाराच्या मानेवर असतं. मोबाईलचा टाइमर तीन मिनिटांवर. तो वाजला की पान उलटायचं, मग नाक राहिलेलं असो की अख्खं डोकं.

आमच्या फरीदाबादला कारखान्यांचं गाव म्हणून हिणवणारे पुष्कळ. पण दहाव्या शतकात तोमर राजा सूरजपालाने बांधवून घेतलं असं सांगतात ते सूरजकुंड इथलंच, आणि अर्धगोलात उतरणाऱ्या त्याच्या पायऱ्या मला थेट लाइफ क्लासच्या बैठकीसारख्या वाटतात. शेजारचा हस्तकला मेळा १९८७पासून भरतो. २०१९मध्ये महाराष्ट्र त्याचं ‘थीम राज्य’ होतं.

मॉडेल बसवून चित्र काढायची शिस्त आपल्याकडे आली ती मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून. संस्था १८५७ची, पण जिवंत मॉडेलवरून अभ्यासाला खरा जोर चढला तो १९१९नंतर, ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकिर्दीत. तिथे मॉडेल तासन्‌तास स्थिर बसतं. पोर्ट्रेटच्या डेमोतही तसंच. वासुदेव कामतांसारखा चित्रकार, ज्यांना २००६मध्ये अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, रंगवायला उभा राहिला की बाकीचे श्वास रोखून पाहतात. आमच्यात सगळेच काढतात, त्यामुळे पाहायला कोणी उरत नाही. भित्र्या माणसाला हे फार सोयीचं.

मेळ्यातलं गिऱ्हाईक क्षणात नाहीसं होतं. कारागीर मात्र परत येतो, म्हणजे त्याची पोज परत येते. विणकर धोटा फेकतो, फणी ओढतो, पुन्हा धोटा फेकतो. कुंभार माती चाकाच्या मध्यावर आणताना खांदे आवळतो, मडकं वर चढवताना मान कलती करतो. म्हणून एकाच पानावर तीन चित्रं सुरू करायची. त्याने मान कलती केली की दुसऱ्यावर, खांदे आवळले की पहिल्यावर. पैसे देऊन बसवलेलं मॉडेलही एवढ्या इमानाने त्याच जागी परतत नाही.

लाइकनेस, म्हणजे माणूस ओळखू येणं, डोळ्यांत असतो हा समज पहिल्या महिन्यातच मोडतो. गल्लीच्या टोकाला उभा शेजारी नाक-डोळे न दिसताच आपण ओळखतो. मान खांद्यात किती रुतलीय, डोकं कुठे कलतंय, कपाळाच्या मानाने जबडा केवढा, यावरून. तीन मिनिटांत एवढंच मावतं आणि तेवढं पुरतं. डोळे म्हणजे दोन सावल्या. पापण्या कोरत बसणाऱ्याचा टाइमर नेमका तिथेच वाजतो. आमच्यातल्या एका निवृत्त इंजिनिअरचा तर दर वेळी.

मेळा जेमतेम दोन-अडीच आठवड्यांचा. उरलेलं वर्ष मेट्रोवर निघतं. सप्टेंबर २०१५मध्ये ती फरीदाबादेत पोचली आणि आम्हाला फुकटचा टाइमर मिळाला, दोन स्थानकांमधलं अंतर. डुलकी घेणारा प्रवासी सर्वांत चांगला. एखादा जागा असेल तर त्याच्या शेजारच्याकडे पाहत असल्याचं नाटक करावं लागतं. २००७मध्ये गॅब्रिएल कॅम्पानारिओने सुरू केलेल्या अर्बन स्केचर्सचा दंडक आम्हीही पाळतो. समोर बघून काढायचं, फोटोवरून नाही.

प्रत्येक बैठकीच्या शेवटी वह्या जमिनीवर ओळीने मांडायच्या. सबबी सांगायला बंदी. ‘पेन्सिल बोथट होती’ म्हणणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा.

गेल्या खेपेला मेळ्यात कुंभाराने स्वतःच उठून, मातीचे हात पाठीमागे धरून, सातही वह्या पाहिल्या. स्वतःच्या चेहऱ्याबद्दल तो काहीच बोलला नाही. माझ्या चित्रातल्या चाकावर मात्र थबकला.

“डंडी कहाँ है, भाई?”

चाक फिरवायची काठी मी काढलीच नव्हती.