धुराड्याला आतून अस्तर कशाचं?

घरोघरी गॅस आला, तरी कोकणातली चूल काही विझलेली नाही. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली, सिलिंडर आले, चहा गॅसवर होऊ लागला. आंघोळीचं पाणी आणि तांदळाची भाकरी मात्र अजूनही कित्येक घरांत सोडणं, करवंट्या आणि झावळ्यांवरच होते. अशा घरांत विटांचं जुनं धुराडं असतं. ते आतून फुटलं की पाडून नवं बांधणं परवडत नाही. मग लोक त्याच्या आत लोखंडी पाईप सोडतात. हे पाईपचं अस्तर कशाचं असावं, एवढंच आज सांगायचं आहे.

आमच्या चाचीच्या घरी गॅल्वनाइज्ड पत्र्याचा पाईप होता. तिसऱ्या पावसाळ्यात तो माळ्याच्या उंचीवर गंजून फुटला. बाहेरून काही दिसत नव्हतं. चाचीचा खोकला वाढला आणि एका पहाटे वासे काळे पडलेले दिसले, तेव्हा कुठं कळलं. लाकूड नीट जळलं नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, तो माणसाला झोपेतच संपवतो. म्हणून हा प्रश्न नुसत्या पत्र्याचा नाही.

पाईप का कुजतो? धूर हा आम्हा कवींचा लाडका विषय, पण धुरात पाणी असतं हे कुठल्या कवितेत येत नाही. एक किलो अगदी सुकं लाकूड जळलं तरी सुमारे अर्धा किलो पाण्याची वाफ होते. ओलं असेल तर आणखी. ही वाफ वर जाताना थंड होते आणि आतल्या बाजूला दव धरावं तशी धरते. तिच्यात व्हिनेगरमधलंच आम्ल, म्हणजे अॅसेटिक अॅसिड असतं, शिवाय डांबरासारखा चिकट कीट. पत्र्यावरचं जस्त या आम्लापुढं टिकत नाही. शिवाय जस्त ४२० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. स्वयंपाकघरातल्या विजेच्या चिमणीला लावतात तो चुण्यांचा अॅल्युमिनियम पाईप तर लाकडाच्या चुलीला कधीच लावू नये. अॅस्बेस्टॉस सिमेंटचे पाईप एके काळी सुधारित चुलींना सर्रास बसवले जात. ते तापून तडकतात आणि त्यांचे तंतू फुप्फुसात गेले तर कर्करोग होऊ शकतो.

राहिलं स्टेनलेस स्टील. पण ‘स्टील’ म्हणून दुकानदार देईल ते घेऊ नका. २०२ प्रतीत निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, म्हणून ते स्वस्त असतं. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. देशावर, सुकी बाभूळ जाळणाऱ्याला ते चालून जाईल. कोकणाची गोष्ट वेगळी. खारी हवा तर आहेच, पण नारळाच्या सोडणांतही क्लोराइड भरपूर असतं, आणि ते ३०४ ला बारीक बारीक भोकं पाडतं. पेटवणाला प्लॅस्टिकची पिशवी टाकायची सवय असेल तर आणखीच. इथं ३१६एल हवं. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते या भोकांना अडवतं. ‘एल’ म्हणजे कार्बन कमी, त्यामुळं वेल्डिंगच्या शिवणीला गंज लवकर लागत नाही. महाग पडतं, हे खरं. पण दर तीन वर्षांनी कौलं उतरवण्याची मजुरीही हिशेबात धरा.

लोहचुंबक लावून प्रत ओळखतात म्हणे. २०२, ३०४ आणि ३१६ यांपैकी कशालाच चुंबक नीट चिकटत नाही, मग ओळखणार काय? बिलावर प्रत लिहून घ्यावी, कारखान्याचं प्रमाणपत्र मागावं.

बसवताना वरच्या तुकड्याचं टोक खालच्या तुकड्याच्या आत गेलं पाहिजे. कौलांची सवय असलेला कारागीर उलटं करतो, कारण कौलांवरचं पाणी बाहेरून उतरतं. इथं कीट आतून उतरतो आणि सांधा उलटा असेल तर विटांत झिरपतो. पाईप आणि विटा यांच्यामध्ये सिमेंट भरू नये. पाच मीटरचा स्टीलचा पाईप ३०० अंशांनी तापला तर सुमारे अडीच सेंटिमीटर लांब होतो, त्याला वर सरकायला वाव हवा. मधली पोकळी वरून-खालून झाकली की आतली हवाच पांघरुणाचं काम करते. पाईप ऊबदार राहतो, कीट कमी धरतो.

साफसफाईला लोखंडी तारेचा ब्रश नको. त्याचे कण स्टीलमध्ये रुतून तिथंच गंज धरतो. काथ्याचा किंवा नायलॉनचा घ्यावा. आणि मे महिन्यात घराला कुलूप लावून मुंबईला जाणाऱ्यांनी निघण्याआधी पाईप झाडून, तोंडावर टोपी घालून जावं. काजळी पावसाळी ओल शोषते आणि गणपतीपर्यंत तिच्यातलं आम्ल स्टील खात बसतं.