निघालेल्या पाहुण्याला आवतण

माझ्या बँकेचं संकेतस्थळ मी पत्ता टाकून कधीच उघडत नाही. गूगलमध्ये बँकेचं नाव लिहितो आणि जी पहिली ओळ दिसेल तिच्यावर अंगठा ठेवतो. त्या ओळीवर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं असतं. तिच्या खालीच बँकेची फुकटची लिंक असते, पण तेवढं खाली जायचाही अंगठ्याला कंटाळा. माझ्या या आळसाचे पैसे दर वेळी बँक गूगलला मोजते आणि तिच्या जाहिरात विभागाच्या वहीत नोंद होते: जाहिरातीमुळे आणखी एक ग्राहक आला.

अहो, पण मी तर निघालेलोच होतो!

नेमकी हीच शंका ईबे या अमेरिकी ऑनलाइन बाजारात काम करणाऱ्या टॉम ब्लेक, क्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टॅडेलिस या अर्थशास्त्रज्ञांना आली. ईबे तेव्हा शोधयंत्रांवरच्या जाहिरातींवर भरमसाट खर्च करत होती, आणि कागदावर तो खर्च झकास दिसत होता. मार्च २०१२ मध्ये कंपनीने एक धाडस केलं. ज्या शोधांत ‘ईबे’ हा शब्द होता, त्यांवरच्या जाहिराती याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या शोधयंत्रांवर बंद केल्या. गूगलवर तुलनेसाठी चालू ठेवल्या. जाहिरातीचे क्लिक अर्थातच शून्यावर आले. पण त्यांतले ९९.५ टक्के क्लिक खालच्या फुकटच्या लिंकवरून ईबेवर पोहोचले. दार तेच, माणसं तीच. फक्त आवतणाचा खर्च वाचला.

मग मोठा प्रयोग झाला. या वेळी कंपनीचं नाव नसलेले शब्द घेतले, म्हणजे गिटार, बूट, कॅमेरा असं काही शोधणाऱ्यांना दिसणाऱ्या जाहिराती. अमेरिकेत टीव्हीच्या प्रेक्षकवर्गानुसार देशाचे २१० बाजारविभाग पाडलेले आहेत. त्यांपैकी सुमारे ३० टक्के विभागांत गूगलवरच्या या जाहिराती साठ दिवस बंद राहिल्या, बाकीच्या ठिकाणी चालू. दोन्हीकडच्या विक्रीत ठळक म्हणावा असा फरकच पडला नाही. नेहमीच्या पद्धतीने खर्च आणि विक्रीचा मेळ घातला तर परतावा दीड हजार टक्क्यांच्या वर दिसत होता. प्रयोगातून निघालेला आकडा होता उणे ६३ टक्के. हा अभ्यास २०१५ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

एवढी तफावत येते कुठून? नाट्यगृहाच्या खिडकीशी तिकिटाच्या रांगेत उभ्या असलेल्यांनाच नाटकाची पत्रकं वाटा, आणि मग सांगा की पत्रक मिळालेल्यांपैकी नव्वद टक्के लोक आत आले. आकडा खरा, निष्कर्ष खोटा. शोधयंत्रावरची जाहिरात मुळातच अशा माणसाला दिसते, जो ती वस्तू त्या क्षणी शोधतो आहे. क्लिक आणि खरेदी दोन्ही त्याच्या इच्छेतून जन्मतात, म्हणून ती दोन्ही एकत्र वाढतात. शिवाय नाताळाच्या तोंडावर जाहिरातखर्च वाढतो आणि लोकांची खरेदीही. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असं होत नाही, हे शाळेत शिकलेलं विज्ञान हिशेबाच्या तक्त्यासमोर आपण सोयीस्करपणे विसरतो.

ईबेच्या प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग मात्र सांगताना बरेचदा गाळला जातो. ज्यांनी वर्षभरात तिथून काहीच घेतलं नव्हतं किंवा एखाददुसरी वस्तूच घेतली होती, त्यांच्यावर जाहिरातीचा परिणाम झाला होता. नेहमीच्या गिऱ्हाइकांवर झाला नाही, आणि बहुतेक पैसा जात होता तो त्यांच्याचवर. म्हणजे ज्याला दुकान ठाऊकच नाही, त्याला जाहिरात दुकान दाखवते. नव्या, छोट्या व्यावसायिकाने ईबेचं नाव ऐकून हात आखडता घेण्याचं कारण नाही. गूगलच्याच संशोधकांनी २०११ मध्ये जाहिराती थांबवलेल्या शेकडो खात्यांची आकडेवारी तपासली, तेव्हा जाहिरातीचे सरासरी ८९ टक्के क्लिक फुकटच्या लिंकवरून भरून निघाले नव्हते. अर्थात त्यांनी मोजले ते क्लिक, विक्री नव्हे. आणि मोजणारा दुकानदार स्वतःच होता.

आता या दुकानाचा तराजू कसा चालतो ते पाहू. १९९८ मध्ये बिल ग्रॉस यांच्या ‘गोटू’ कंपनीने शोधाच्या यादीतली जागाच लिलावाला काढली. क्लिक झाला तरच पैसे, आणि ज्याची बोली मोठी तो वर. गूगलने २००२ मध्ये यात एक मेख मारली: बोलीला जाहिरातीच्या गुणवत्तेने, म्हणजे मुख्यतः लोक ती किती वेळा दाबतात याने, गुणायचं. समजा, देवगडचे दोन आंबेवाले आहेत. पहिल्याची बोली २० रुपये, गुणवत्ता ४, गुणाकार ८०. दुसऱ्याची बोली १२ रुपये, गुणवत्ता ८; गुणाकार ९६. वर जातो दुसरा, आणि त्याला पहिल्याच्या किंचित पुढे राहण्यापुरतेच पैसे पडतात. ८० भागिले ८, म्हणजे दहा रुपयांहून जरासे जास्त. पहिल्याला त्याच जागेसाठी क्लिकमागे २४ रुपये मोजावे लागतील. आजचं सूत्र याहून गुंतागुंतीचं आहे, पण गाभा हाच. तरीही जाहिरात खाली घसरली की बहुतेकांचा हात आधी बोलीकडे जातो. मजकुरात पेटीचा भाव, किती डझन, पोहोचवण्याचं गाव, यांतलं काहीच नसतं. ते लिहायला पैसे पडत नाहीत.

शब्दांच्या बाबतीतही असंच. आपण ‘हापूस आंबा’ हा शब्द निवडतो आणि निर्धास्त होतो. पण काही न बदलल्यास गूगल तो ‘ब्रॉड मॅच’ धरतं, म्हणजे अर्थाने जवळच्या शोधांवरही जाहिरात दाखवतं. मग आमरसाची कृती, हापूसची कलमं, आंब्याचं चित्र असलं काही शोधणारेही क्लिक करून जातात. खात्यात ‘सर्च टर्म्स’चा अहवाल असतो, लोकांनी प्रत्यक्षात काय टाईप केलं ते त्यात दिसतं. तो आठवड्यातून एकदा वाचावा आणि ‘कृती’, ‘कलम’, ‘चित्र’ हे शब्द ‘निगेटिव्ह कीवर्ड’, म्हणजे वगळायचे शब्द, म्हणून नोंदवून टाकावेत. जाहिरात कुठल्या गावासाठी दाखवायची, ही निवडही आयती सोडू नये. मूळ सेटिंगमध्ये त्या गावात असलेल्यांबरोबर त्या गावात रस दाखवणारेही धरलेले असतात. गुहागरच्या होमस्टेला मस्कतमधला चाकरमानी हवाच असतो. चिपळूणच्या दंतवैद्याला त्याचा काय उपयोग?

आणि घाई. दोन जाहिराती लावल्या, प्रत्येकीला शंभर क्लिक मिळाले. एकीतून चार ऑर्डर, दुसरीतून दोन. “पहिली दुप्पट चांगली!” म्हणत दुसरी बंद केली जाते. आता एक नाणं सहा वेळा उडवा. ६४ शक्यतांपैकी फक्त २० मध्ये तीन छापे आणि तीन काटे पडतात. म्हणजे दोन्ही जाहिराती अगदी सारख्या असल्या, तरी सहा ऑर्डरींची वाटणी सुमारे ६९ टक्के वेळा चार-दोन किंवा त्याहून विषम होणार. निवाडा करायला ऑर्डरी शेकड्यात हव्यात.

स्वतःच्या नावावरच्या जाहिरातीत एक अडचण आहे. आपण हटलो की प्रतिस्पर्धी आपल्या नावावर बोली लावू शकतो. ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं, की दुसऱ्याचं ट्रेडमार्क शोधशब्द म्हणून घेणं एवढ्यानेच उल्लंघन होत नाही. ग्राहकाची दिशाभूल होत असेल तर होतं. त्यामुळे तुमच्या नावाखाली कोण बसलं आहे, हे आधी स्वतः शोधून पाहा.

कोणी बसलं नसेल, तर हंगामाची वाट न पाहता हा प्रयोग करा. ज्या शहरांतून ऑर्डरी येतात त्यांच्या चिठ्ठ्या टाका. निम्म्या शहरांत तुमच्या नावावरची जाहिरात चार आठवडे बंद ठेवा, आणि क्लिक न मोजता दोन्हीकडच्या ऑर्डरी मोजा, फोनवर आलेल्यासुद्धा. बंद शहरांतल्या ऑर्डरी खरोखरच आटल्या, तर जाहिरात बिनधास्त पुन्हा चालू करा.