टीचभर सूट

आमच्या शेजारचे काका बँकेतून निवृत्त झाल्यावर गोल्फ खेळायला लागले. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या क्लबच्या स्पर्धेचा एक कागद माझ्या हाती पडला. वर ‘लोकल रूल्स’ असा मथळा आणि खाली नऊ कलमं. सातव्या होलजवळचा नाला, अकराव्यावरची खचलेली जागा, नव्यानं लावलेली करंजाची रोपं, पाइपसाठी खणलेला चर. वाचता वाचता मला अतिवृष्टीनंतर तलाठ्यानं आजोळच्या बांधावर उभं राहून केलेला पंचनामा आठवला. साता समुद्रापलीकडे ठरलेल्या नियमांचा हा खेळ, अशी माझी समजूत होती. हा कागद मात्र इथल्या मातीबद्दल बोलत होता. तो कसा तयार होतो हे पाहायला मी पुढच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी, शनिवारी पहाटे, पुण्याजवळच्या त्या क्लबवर गेलो. परतीचा पाऊस रात्रभर कोसळून नुकताच थांबला होता.

फेरीला तिघं होते. क्लबचे कॅप्टन, स्पर्धा समितीतल्या एक बाई आणि मैदानाची निगा राखणारे मुकादम. मुकादमांना सगळेच मामा म्हणतात. त्यांच्या एका हातात कालवलेल्या चुन्याचं डबडं, दुसऱ्या हातात काथ्याचा कुंचा. ओल्या गवतावर चुना पडला की एक वास सुटतो. घराला पांढरी देताना भिंतीला येतो तसा, पण त्यात चिरडलेल्या हरळीचा कडवटपणा मिसळलेला. अजून तो माझ्या नाकातून गेलेला नाही.

पहिला फटका मारतात त्या टीवरच्या खुणा हलवणं, होलभोवतीच्या बारीक गवतावर, म्हणजे ग्रीनवर, नवी भोकं पाडणं ही कामं माळ्यांनी आधीच उरकली होती. वेळ गेला तो अकराव्या होलवर. फेअरवे, म्हणजे टीपासून ग्रीनकडे जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा, तिथं खोलगट आहे आणि माती काळी. कॅप्टनसाहेबांचं म्हणणं, हा सगळा पट्टाच दुरुस्तीखाली दाखवून मोकळं व्हावं. मामा काही बोलले नाहीत. चप्पल काढून अनवाणी पायानं ते पट्ट्यात शिरले आणि टाच दाबत दाबत चालायला लागले. जिथं टाचेच्या खळग्यात पाणी चढलं तिथं आत, जिथं चढलं नाही तिथं बाहेर.

“वरनं सुकल्यागत दिसतीय साहेब, आत नुसतं लोणी हाय,” एवढंच म्हणाले, आणि पायाच्या अंदाजावर कुंचा फिरवत गेले. पट्ट्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, वाकडातिकडा पांढरा वेढा तयार झाला. या रेघेच्या आत चेंडू आला की खेळाडूनं तो दंडाशिवाय उचलायचा, बाहेरची सर्वांत जवळची कोरडी जागा शोधायची आणि होलच्या जवळ न सरकता तिथून एका क्लबच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, लांबीत गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा. रेघ उगाच मोठी काढली तर चुकलेल्या फटक्यालाही सूट मिळते. लहान काढली तर चांगल्या फटक्याचा चेंडू चिखलात रुततो. म्हणजे दुसऱ्या दिवशीचा न्याय मामांच्या टाचेवर होता.

समितीला मनात येईल तो नियम करता येत नाही. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या आर अँड ए आणि यूएसजीए या दोन संस्थांनी स्थानिक नियमांचे नमुने घालून दिलेले आहेत. मैदानावर तशी अडचण खरोखर असेल तरच त्यातला नमुना उचलायचा. पावसाळ्यातला ठरलेला नमुना म्हणजे फेअरवेवर पडलेला चेंडू उचलायचा, पुसायचा आणि मूळ जागेपासून थोड्या अंतरात ठेवायचा. थोड्या म्हणजे किती, हे समिती ठरवते. बाईंचं मत एका क्लबची लांबी द्यावी, कॅप्टनसाहेबांचं मत सहा इंच. एक क्लब म्हणजे जवळजवळ चार फूट. तेवढ्यात खेळाडू चिखलातून थेट गादीवर जाऊन बसतो.

“सहा इंच,” कॅप्टनसाहेब पुन्हा म्हणाले.

मामांनी अंगठा आणि तर्जनी ताणून गवतावर टेकवली. “म्हंजी टीचभर.”

मी हाताची टीच जमिनीवर टेकवून पाहिली. चुन्यानं चिरा पडलेली त्यांची बोटं आणि माझी लिहिणाऱ्याची बोटं यांच्यात फरक होता, पण अंतर तेवढंच भरलं. वीत मोठी, टीच छोटी. सहा इंचांना आपल्याकडे इतका चोख शब्द असताना तो मला त्या सकाळपर्यंत आठवला नव्हता. सहा इंचांवर एकमत झालं.

असल्या बारीकसारीक सवलतींना काही खेळाडू नाकं मुरडतात. खरा गोल्फ म्हणजे चेंडू जिथं पडला तिथून खेळणं, असं ते म्हणतात. मला हे पटत नाही. १७४४ साली लीथच्या गोल्फरांनी तेरा नियम लिहून काढले; आज माहीत असलेले हे सर्वांत जुने लेखी नियम. त्यातला तेरावा नियम त्याच मैदानावरच्या सैनिकांच्या रेषांचा आणि शाळकरी पोरांच्या खड्ड्यांचा आहे. तिथं चेंडू पडला तर ती जागा अडथळा मानायची नाही, चेंडू उचलून खेळायचा. पुढं १९४० मध्ये बाँब पडत असताना लंडनजवळच्या रिचमंड क्लबनं तात्पुरते नियम काढले. शत्रूच्या कारवाईनं चेंडू हलला तर तो परत जागेवर ठेवण्याची मुभा त्यात होती. जमिनीवर जे घडतं ते कागदावर येतं, हे या खेळात पहिल्यापासूनच चालत आलंय.

२०१९ साली नियम ३४ वरून २४ वर आले, हरवलेला चेंडू शोधायची वेळ पाच मिनिटांवरून तीनवर आली, आणि त्याच साली हौशी खेळाडूंसाठी एक स्थानिक नियम उपलब्ध झाला. एरवी चेंडू सापडला नाही तर एका फटक्याचा दंड घेऊन, फटका जिथून मारला तिथं परत जावं लागतं. हा नियम लावला असेल तर दोन फटक्यांचा दंड घेऊन पुढंच, चेंडू हरवला त्या बाजूला, फेअरवेच्या कडेपर्यंतच्या टापूत दुसरा चेंडू सोडता येतो. वरच्या दर्जाच्या स्पर्धांसाठी तो नाही. चौदाव्या होलचा चढ मी चालून पाहिलाय. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला तो दोनदा चढायला लावण्यात कसलंही शौर्य नाही. उद्याच्या कागदावर हे कलम होतं, आणि मला त्याचा आनंद झाला.

शेवटी हद्दीच्या खुंट्या. लाल खुंट्या नाल्याच्या. त्या उपटता येतील अशा असतील, तर आड आल्यावर खेळाडू काढून ठेवू शकतो. पांढऱ्या खुंट्या मैदानाच्या हद्दीच्या. त्यापलीकडे ओबी, म्हणजे हद्दीबाहेर. पांढरी खुंटी कितीही आड येऊ दे, तिला हात लावायचा नाही. बांधावरचा हद्दीचा दगड सरकवल्यावर गावात काय होतं हे ज्यानं पाहिलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मामा प्रत्येक पांढरी खुंटी हलवून बघत होते. सैल लागली की टाचेनं माती दाबायची, मग पुढं.

दुपारी कागद फलकावर लागला. नऊ कलमं, सगळी इंग्रजीत. मामा त्याच्यासमोर जरा वेळ उभे राहिले आणि मला म्हणाले, “अकराव्याचं कुठं लिवलंय?” मी बोट ठेवून दाखवलं. मला हे लागलं. खेळाडूंबरोबर बॅगा घेऊन चालणारी बहुतेक पोरं आसपासच्या वस्त्यांतली, मराठी बोलणारी. कॅडीनं नियम मोडला तर दंड खेळाडूला बसतो, आणि बोलणी कॅडीला. त्याच कागदाची मराठी प्रत फलकावर हवी, असं मी कॅप्टनसाहेबांना तिथंच सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

रविवारी मी पुन्हा गेलो. नवव्या होलवर एका खेळाडूचा चेंडू हद्दीच्या आत, पण पांढऱ्या खुंटीला जवळजवळ चिकटून थांबला होता. क्लब मागे न्यायला जागा नव्हती. त्याच्याबरोबरचा कॅडी सोळा-सतरा वर्षांचा, महिन्याभरापूर्वी लागलेला. खेळाडू लांबचं ग्रीन न्याहाळत होता, तेवढ्यात पोरानं मदत म्हणून खुंटी उपसून खांद्यावर घेतली.

वीस पावलांवर करंजाच्या रोपाची फीत बांधत असलेले मामा ताडकन उठले. “घाल परत! त्याच भोकात घाल आधी!”

पोरगं गोंधळलं, खेळाडूही गर्रकन वळला. फटका अजून मारलेला नव्हता. फटक्याआधी खुंटी होती तशी परत बसवली तर दंड टळतो, ही सोय नियमातच आहे. समितीच्या बाईंना बोलावलं, त्यांनी येऊन पाहिलं आणि दंड नाही म्हणून सांगितलं. खेळाडूनं क्लब उलटा धरून चेंडू कसाबसा बाजूला काढला.

पोरगं मान खाली घालून उभं होतं. मामांनी त्याचा हात धरून खुंटीवर ठेवला, तिच्याभोवतीची माती टाचेनं दाबली आणि म्हणाले, “पांढरी दिसली की हात मागं. लालला चालतंय. ध्यानात ऱ्हाईल?” पोरानं खुंटी एकदा हलवून पाहिली. घट्ट होती. मग बॅग खांद्यावर मारून तो खेळाडूमागं पळाला, आणि त्याच्या तळव्याचा चुना बॅगेच्या काळ्या पट्ट्यावर उमटला.