रात्री दोनचा अलार्म

रात्रीचे पावणेदोन. होटगी रोडवरच्या आमच्या घरात दादाचा अलार्म वाजायचा. अभ्यासासाठी? छे! बीएसएनएलच्या काही ब्रॉडबँड प्लॅन्समध्ये रात्री दोन ते सकाळी आठ अनलिमिटेड डाउनलोड असायचं. दिवसा मात्र सगळं मोजूनमापून.

डेटावन या नावाने ही सर्व्हिस जानेवारी २००५ मध्ये देशात सुरू झाली. २००४ च्या धोरणानुसार २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड! आज हसू येतं ना? पण डायल-अपच्या त्या खरखरीनंतर ही चैनच होती. मुख्य म्हणजे फोन एंगेज राहायचा नाही. आजी मावशीशी गप्पा मारतेय आणि त्याच तारेवर दादाचं सर्फिंग चालू! फंडा सोपा होता. आपलं बोलणं ४ किलोहर्ट्झच्या खालच्या पट्ट्यात मावतं, वरचा पट्टा रिकामाच. डीएसएल तिथून डेटा नेतं आणि स्प्लिटर नावाची छोटी डबी दोघांना वेगळं ठेवते.

तांब्याच्या तारेला अंतर मात्र सोसत नाही. एडीएसएल कागदावर ८ एमबीपीएस, एडीएसएल टू प्लस २४. पण एक्स्चेंजपासून लांब जाल तसा आकडा घसरतो, पाचेक किलोमीटरवर दमच संपतो. व्हीडीएसएल आणखी नखरेल. त्याची नवी आवृत्ती १०० एमबीपीएसपर्यंत पळते, पण काहीशे मीटरच्या आतच.

खरी मेख होती एडीएसएलच्या पहिल्या ‘ए’मध्ये. ए म्हणजे असिमेट्रिक. डाउनलोडला हायवे, अपलोडला बोळ! घरातला माणूस नेटवरून घेणारच, तो पाठवणार काय, असा हिशेब. आमचा दादा टॉवेल-चादरींची डिझाइन्स करायचा. पुण्याला फाइल पाठवायला लावून तो जेवायला बसायचा. जेवण उरकायचं, फाइल नाही. शेवटी सीडी आणि एसटी! (एसएचडीएसएलमध्ये दोन्ही दिशा सारख्या, पण ते ऑफिसवाल्यांचं प्रकरण.) २०१० मध्ये तो पुण्यालाच शिफ्ट झाला. नेटमुळेच गेला असं मी म्हणणार नाही, पण आई अजूनही म्हणते.

२०२३ पासून ब्रॉडबँडची किमान व्याख्याच २ एमबीपीएस आहे. आमच्याकडे आता फायबर आहे, अपलोडही डाउनलोडइतकंच फास्ट. गेल्या दिवाळीपासून दादा सोलापुरातूनच काम करतोय, दुपारी आईच्या हातची गरम भाकरी खाऊन. बाबांनी ०२१७ वाला जुना नंबर सोडला नाही, तो फायबरवर घेतलाय. तांब्याची तार गॅलरीत तशीच आहे. आई तिच्यावर फडकी वाळत घालते.