वंशावळीतला शब्द कोणाचा?

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात १९२४ साली वांशिक शुद्धतेचा कायदा झाला आणि जन्म, मृत्यू, विवाह यांच्या नोंदींत माणसांसाठी व्यवहारात दोनच रकाने उरले: ‘व्हाइट’ आणि ‘कलर्ड’. राज्याच्या नोंदणी कार्यालयाचा प्रमुख वॉल्टर प्लेकर १९१२ पासून १९४६ पर्यंत त्या खुर्चीवर होता. राज्यात खरे ‘इंडियन’, म्हणजे तिथले मूळनिवासी, उरलेलेच नाहीत, स्वतःला तसे म्हणवणारे लोक आपले कृष्णवर्णीय पूर्वज लपवत आहेत, असे त्याने ठरवून टाकले होते. त्यामुळे चिकाहोमिनी, मोनाकन, रॅपाहॅनॉक अशा जमातींतल्या मुलांचे दाखले ‘कलर्ड’ म्हणून निघू लागले, आधीच्या दाखल्यांमागे शेरे मारले गेले आणि १९४३ मध्ये तर संशयित कुटुंबांच्या आडनावांची जिल्हावार यादीच त्याने कारकुनांकडे पाठवली. याच राज्यात पामंकी आणि मॅटापोनाय जमाती १६७७ च्या तहाला स्मरून आजही दरवर्षी गव्हर्नरला हरीण भेट देतात. तह करणारी जमात राज्याला ठाऊक होती, जमातीतली माणसे मात्र नोंदवहीतून नाहीशी केली गेली.

या खाडाखोडीची किंमत नातवंडा-पतवंडांनी मोजली. संघराज्याची मान्यता मिळवायची तर १९७८ पासूनच्या नियमांप्रमाणे जमातीला आपली वंशपरंपरा आणि सलग अस्तित्व कागदपत्रांनी सिद्ध करावे लागते, आणि इथे कागदच खोटे बोलत होते. पामंकींनी ती वाट कशीबशी पार केली. उरलेल्यांपैकी सहा जमातींना थेट संसदेकडून कायदा करून घ्यावा लागला. तो जानेवारी २०१८ मध्ये झाला. आता या कुटुंबांतले कोणी आज वंशावळ लिहायला बसले आणि पणजीच्या नावापुढे दाखल्यावरचा शब्द जसाच्या तसा उतरवला, तर प्लेकरचे काम त्याच्या हातून पुढे चालू राहते. म्हणून माझे म्हणणे असे की, वंशावळीत समाजाचे नाव लिहिताना दोन गोष्टी कायम वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. त्या माणसाचा समाज स्वतःला काय म्हणवतो, हे माणसाच्या नावाशी यावे. सरकारी कागदाने त्याला काय म्हटले, हे पुराव्याच्या जागी, अवतरणचिन्हांत, साल आणि लिहिणाऱ्या कचेरीच्या नावासकट यावे. दाखल्यावरचा शब्द ही लिहिणाऱ्याची साक्ष असते आणि साक्षीदाराचे नाव गाळून साक्ष नोंदवता येत नाही.

वंशावळीचे छापील तक्ते आणि संगणकावरचे नमुने तीन गोष्टी गृहीत धरतात: नाव, आडनाव आणि लिंग. कॅनडाच्या उत्तरेकडच्या इन्युइट लोकांपुढे ही तिन्ही गृहीतके डळमळतात. त्यांच्यात परंपरेने आडनाव नव्हते. नुकत्याच वारलेल्या आप्ताचे नाव बाळाला द्यायचे, ते नाव पुरुषाचे की बाईचे हा प्रश्नच नसे, आणि नावाबरोबर नातेही येई. आजीचे नाव मिळालेल्या लेकीला तिची आई ‘आई’ म्हणून हाक मारी. मिशनऱ्यांनी त्यावर बाप्तिस्म्याची नावे चढवली. सरकारी कारकुनांना तीही जमेनात, तेव्हा १९४१ पासून प्रत्येकाला एक क्रमांक कोरलेली लहानशी गोल चकती देण्यात आली. पूर्वेकडच्यांच्या क्रमांकाआधी ‘ई’ आणि पश्चिमेकडच्यांच्या ‘डब्ल्यू’. ती गळ्यात घालायची किंवा कपड्याला शिवायची. पुढे १९६८ ते १९७१ या काळात एब ओकपिक या इन्युइट गृहस्थांनी वस्त्यावस्त्यांतून फिरून लोकांना आडनावे निवडायला लावली आणि चकत्यांचा काळ संपत आला. म्हणजे एकाच बाईचा माग काढताना तिचे खरे नाव, चर्चमधले नाव, क्रमांक आणि उतारवयात मिळालेले आडनाव, असे चार धागे हाती येतात. संशोधकाला चारही लागतात, कारण एका काळातल्या सरकारी कागदात ती क्रमांकानेच सापडते. पण तक्त्यात ती ज्या नावाने जगली त्या नावाने उभी राहिली पाहिजे, आणि आडनावाचा रकाना रिकामा राहिला तर तो रिकामा राहू द्यावा. नवऱ्याचे किंवा मुलाने घेतलेले आडनाव मागे नेऊन आजीला चिकटवणे हीही खाडाखोडच आहे.

यावर पहिला आक्षेप इतिहासाच्या बाजूने येतो आणि तो वजनदार आहे: जुने शब्द आज बोचतात म्हणून बदलत गेलो तर अन्यायाचा पुरावाच पुसला जाईल. हे मला पूर्ण मान्य आहे. अमेरिकेतल्या चेरोकी जमातीत गुलाम म्हणून राबलेल्या कृष्णवर्णीयांना आणि त्यांच्या वंशजांना १८६६ च्या तहाने जमातीच्या लोकांचे सगळे हक्क दिले होते. तरी १८९८ नंतर अमेरिकी सरकारच्या डॉझ आयोगाने चेरोकींसह पाच जमातींच्या याद्या केल्या, तेव्हा ‘रक्ताने’ सदस्य असलेल्यांची यादी निराळी आणि ‘फ्रीडमेन’, म्हणजे मुक्त झालेल्यांची निराळी ठेवली. पहिल्या यादीत प्रत्येकापुढे जमातीच्या रक्ताचा अपूर्णांक लिहिला. दुसरीत तो लिहिलाच नाही, मग त्या माणसाचा बाप चेरोकी का असेना. २००७ मध्ये जमातीने घटनादुरुस्ती करून ‘रक्ताचे’ नसलेल्यांना बाहेर काढले. २०१७ मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने १८६६ चा तह उचलून धरला, आणि २०२१ मध्ये चेरोकींच्याच सर्वोच्च न्यायालयाने ‘रक्ताने’ हे शब्द घटनेतून काढायला लावले. आज त्या वंशजांचा नागरिकत्वाचा पुरावा कोणता? तीच दुजाभावाने केलेली ‘फ्रीडमेन’ची यादी. ती कोणी सद्भावनेने पुसली असती, तर त्यांच्या हाती काहीच उरले नसते. त्यामुळे जुना शब्द जपायचाच आहे. प्रश्न त्याला कुठे बसवायचे एवढाच आहे, आणि अपूर्णांकांतले रक्त हे माणसाच्या वर्णनात बसत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: समाजाचे स्वतःचे नाव कोणते, यावर समाजातच एकमत नसते, मग लिहायचे काय? उदाहरणे खरीच आहेत. विस्कॉन्सिनमधल्या विनेबागोंनी १९९४ मध्ये हो-चंक हे आपले नाव अधिकृत केले, नेब्रास्कातले त्यांचे भाऊबंद आजही विनेबागो हेच नाव चालवतात. नावाहो लोक आपापसात ‘दिने’ म्हणतात, पण राष्ट्राचे नाव बदलण्याचा प्रस्ताव २०१७ मध्ये त्यांच्याच परिषदेने फेटाळला. इथे बाहेरच्या माणसाने अधिक शहाणपण दाखवून त्यांचे नाव सुधारण्याचे कारण नाही. ज्या शाखेचा माणूस, तिने धरलेले नाव लिहावे. मराठी लेखनात सर्रास येणारा ‘रेड इंडियन’ हा शब्द मात्र साडेपाचशेहून अधिक मान्यताप्राप्त जमाती एका पोत्यात भरतो. त्याने वंशावळीला माहिती म्हणूनही काही मिळत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड आहे. लोकांनी सांगितलेली ओळख लिहायची म्हटली, तर खोटे दावेदार माजतील. पण वंशावळ पूर्वज सांगते, सदस्यत्व ती देत नाही. २०१८ मध्ये अमेरिकी सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी आपल्या मूळनिवासी पूर्वजांचा पुरावा म्हणून डीएनए चाचणी पुढे केली, तेव्हा अशी चाचणी जमातीचे नागरिकत्व ठरवू शकत नाही, असे चेरोकी राष्ट्राने स्पष्ट सांगितले. पणजोबा चेरोकी होते हे एका रकान्यात आणि पणतू चेरोकी नागरिक आहे की नाही हे दुसऱ्या, असे ठेवले तर खोट्याला वाव उरत नाही. महाराष्ट्रात ही गोष्ट रोजच्या जगण्याची आहे, कारण जात पडताळणीसाठी इथे वंशावळ प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते आणि आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरातली नोंद शोधावी लागते. आदिवासी ठाकूर समाजाच्या संघटनेच्या खटल्यात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चालीरीती, दैवते, बोली तपासणारी आप्तभाव चाचणी ही एकमेव कसोटी होऊ शकत नाही, आणि घटनेपूर्वीच्या कागदांना मोठे वजन आहे. बनावट दाखल्यांना आळा हवाच. त्यांनी खऱ्या आदिवासींच्या जागा खाल्ल्या आहेत. पण जुन्या कागदाला जेवढे वजन, तेवढीच त्यावर कोणी काय पाहून लिहिले, हे नोंदवण्याची जबाबदारीही मोठी.

आपल्याकडे अशा सरकारी शब्दाची जुनी जखम १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याची आहे. त्याखाली आलेल्या जमाती सगळ्याच आदिवासी नव्हत्या, पण जन्मानेच गुन्हेगार हा शिक्का सगळ्यांवर सारखा बसला. याच शिक्क्याखाली सोलापूरच्या सेटलमेंट नावाच्या वसाहतीत तारेच्या कुंपणात राहिलेल्या पारधी, कैकाडी, कंजारभाट कुटुंबांची नातवंडे-पतवंडे आज हयात आहेत. कायदा रद्द झाला १९५२ मध्ये. त्या कुटुंबांची वंशावळ लिहिताना आजोबांच्या नावापुढे पारधी किंवा कैकाडी असे समाजाचे नाव यावे. सेटलमेंटची गोष्ट वगळू नये: कोणत्या कायद्याखाली, कोणत्या साली, कोणत्या हुकमाने त्यांना कुंपणात ठेवले आणि दप्तरात कोणता शब्द लिहिला, हे त्यांच्या आयुष्यातली एक घटना म्हणून, हुकूम काढणाऱ्या कचेरीच्या नावासह नोंदवावे.