होडीच्या पाठीवरचे यंत्र

नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेतील विस्कॉन्सिनात वाढलेल्या ओले एव्हिनरुड याने १९०९ साली जे यंत्र विक्रीस आणले, ते अवघे दीड अश्वशक्तीचे व सुमारे २८ किलो वजनाचे होते. परंतु होडीच्या पाठच्या फळीला बाहेरून अडकवावयाच्या आउटबोर्ड इंजिनाची घडण त्याच्यापासून रूढ झाली, आणि आज कोकणच्या खाड्यांतून लहान होड्यांवर दिसते ती तीच होय.

या यंत्राचा खरा विशेष असा की, जोर व दिशा ही दोन्ही एकाच दांड्याच्या हुकमात असतात. पंखाच वळत असल्यामुळे वेगळे सुकाणू लागत नाही. मात्र त्याच कारणाने, पंख्याचा जोर तुटला की दिशेवरचा ताबाही जवळजवळ संपतो. ओहोटीचे पाणी बाहेर धावत असता वारा समुद्रावरून आत येत असेल, तर खाडीच्या मुखाशी लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि अशा वेळी भेदरून इंजिन एकदम मंद करणारा मनुष्य नेमका हाच ताबा हरवून बसतो व होडी लाटेला आडवी पडते. आत येताना पुढच्या लाटेच्या पाठीवर राहावे, तिचा माथा ओलांडू नये आणि मागचीला आपणांस गाठू देऊ नये. बाहेर जाताना नाळ लाटेला किंचित तिरपी द्यावी, आणि माथ्यावर पोहोचण्यापूर्वी जोर थोडा कमी करावा, म्हणजे पंखा हवेत उघडा पडून इंजिन मोकाट धावत नाही. माझ्या मते अश्वशक्तीच्या आकड्यापेक्षा या मनगटाच्या जाणिवेलाच अधिक मोल आहे.

उथळ पाण्यात इंजिन तिरपे उचलावे लागते; तथापि थंडाव्याचे पाणी ओढणारी छिद्रे बुडालेली राहतील इतकेच. इंजिनाच्या मागे करंगळीहून बारीक अशी एक धार सतत उडत असते, तिच्यावर नजर हवी. गाळ किंवा प्लास्टिकचा तुकडा ओढला जाऊन ती रोडावली, तर इंजिन तत्काळ बंद करावे, कारण आतला रबरी पंखा कोरडा फिरला की लवकरच फाटतो.

किनाऱ्यास लागल्यावर गोड्या पाण्याने आतले मार्ग धुऊन काढणे हे रोजचेच काम. राहिलेले खारे पाणी सुकून मीठ धरते. खालच्या अंगास बसवलेला जस्ताचा तुकडा खारे पाणी स्वतःवर घेऊन झिजतो, म्हणून तो अर्धा उरला की बदलावा, आणि त्यावर रंग कधीही चढवू नये. रंगाखाली झाकलेले जस्त झिजत नाही, आणि त्याच्या ऐवजी यंत्राचे ॲल्युमिनियम खाल्ले जाते.