डोलकाठीचा पांढरा गंज आणि फवारणीची नळी

भिलाईला लोखंडाच्या गंजाची ओळख करून द्यावी लागत नाही. 1959 मध्ये येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हापासून तांबडे पापुद्रे या शहराच्या परिचयाचे आहेत. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असला, तरी 2022 मध्ये नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’च्या विशेष पोलादाचा काही भाग येथूनच गेला. अॅल्युमिनियमचा गंज मात्र तांबडा नसतो. तो पांढऱ्या भुकटीसारखा दिसतो, हाताने पुसला जातो आणि म्हणूनच दुर्लक्षित राहतो. शेतातील फवारणी यंत्राला तो कसा लागतो, हे समजून घ्यायचे तर शिडाच्या नौकेकडे पाहणे सोयीचे ठरते.

अशा नौकेची डोलकाठी म्हणजे बहुधा अॅल्युमिनियमची लांब, पोकळ नळी. हा धातू पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांश वजनाचा. काठी जितकी हलकी, तितकी नौका स्थिर. ती गेली की काय होते, हे 2018 मध्ये दिसले. गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेले अभिलाष टॉमी यांच्या नौकेची डोलकाठी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात मोडली. पाठीला गंभीर दुखापत झालेल्या टॉमींना दुसऱ्या जहाजाने येऊन सोडवावे लागले. तेथे काठी वादळाने मोडली. खारे पाणी तिला वर्षानुवर्षे, आवाज न करता पोखरते.

वास्तविक अॅल्युमिनियम स्वतःचे रक्षण स्वतः करते. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर तयार होतो. मिठातील क्लोराइड हा थर जागोजाग भेदते आणि तेथे सुईच्या टोकाएवढे खड्डे पडू लागतात. त्याहून मोठे संकट दुसऱ्या धातूच्या शेजाराचे. काठीवर स्टेनलेस स्टीलचा स्क्रू बसवला आणि सांध्यात खारट ओल राहिली की तेथे एक लहानशी बॅटरीच तयार होते. त्यात झिजते ते अॅल्युमिनियम. मीठ हवेतील ओल ओढून धरत असल्याने सांधा वरून कोरडा दिसला तरी आत ही झीज चालूच राहते.

म्हणून जुनी काठी दुरुस्त करताना रंगाचा डबा सर्वांत शेवटी उघडायचा असतो. प्रथम काठी उतरवून गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुतात. मग सर्व जोडसामान काढतात. जाम झालेले स्क्रू भेदक तेल आणि हलकी ऊब देऊन, घाई न करता सोडवावे लागतात. जबरदस्तीने स्क्रूचे डोके तुटते आणि काम दुप्पट होते. त्यानंतर भुकटी खरवडून खड्ड्यांची खोली पाहतात. येथे लोखंडी तारेचा ब्रश वापरणे ही हमखास होणारी चूक आहे. त्याचे कण अॅल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि नव्या गंजाची बीजे ठरतात. बुडाजवळ नळीची भिंत पातळ झाली असेल, तर तेवढा भाग कापून काढणे किंवा काठीच बदलणे, एवढाच प्रामाणिक उपाय उरतो. पृष्ठभाग घासून स्वच्छ होताच, नवा ऑक्साइड थर जाड होण्यापूर्वी, त्यावर अॅल्युमिनियमसाठीचा प्रायमर व मग इपॉक्सी बसला पाहिजे. वरचा रंग त्यानंतरचा. जोडसामान परत लावताना प्रत्येक स्टेनलेस भागाखाली नायलॉनची चकती आणि स्क्रूच्या आट्यांवर विलग करणारा लेप हवा. ही चकती विसरली तर उत्तम रंगही स्क्रूभोवती फुगून सुटतो.

नौकांच्या तळाला बार्नेकल चिकटू नयेत म्हणून ताम्रयुक्त रंग लावतात. (बार्नेकल शिंपल्यासारखे दिसले, तरी ते कीटकांच्याच दूरच्या नात्यातले संधिपाद प्राणी आहेत.) अॅल्युमिनियमच्या तळाला मात्र हा रंग वर्ज्य मानतात, कारण तांब्याचे क्षार या धातूचे कट्टर वैरी.

आणि हेच क्षार शेतकरी दर हंगामात हाताळतो. दुर्ग जिल्ह्याच्या धमधा भागातील टोमॅटो उत्पादकाला कॉपर ऑक्सिक्लोराइड आणि बोर्डो मिश्रण नवे नाही. बोर्डो मिश्रणात विळ्याचे पाते बुडवून पाहण्याची रीत विस्तार कार्यकर्ते पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आले आहेत. पात्यावर तांबूस थर आला की मोकळे तांबे शिल्लक आहे, चुन्याची निवळी आणखी घालावी. तो थर म्हणजे लोखंड विरघळून त्याच्या जागी बसलेले तांबे. फवारणीच्या अॅल्युमिनियम नळीत तांब्याचे द्रावण रात्रभर राहिले, तर तोच खेळ तेथे होतो. फरक इतकाच की तो कोणी पाहत नाही. नळीला पितळी नोझल असेल, तर सांध्यात दुसऱ्या धातूचा शेजारही आलाच.

फवारणी संपल्यावर टाकी, नळी आणि नोझल स्वच्छ पाण्याने तीनदा धुऊन, धुण्याचे पाणी विहिरी-नाल्यात न सोडता, नळी उभी टांगून निथळू द्यावी. सांधे हंगामातून एकदा तरी उघडावेत. धुण्यासाठी सोडा किंवा तीव्र आम्ल नको. दोन्ही ऑक्साइडचा थर विरघळवतात. मोरचुदाचे द्रावण प्लास्टिकच्या पिंपातच करावे.

नळ्या साठवताना तोंडे जाळीने बंद करावीत. कुंभारीण माशीला अशी पोकळ नळी घरट्यासाठी फार आवडते. तिने लिंपलेला चिखल ओल धरून ठेवतो आणि पाणी निथळण्याची वाट अडवतो. उघड्यावर वर्षभर पडून राहिलेल्या डोलकाठीच्या बुडातील निचऱ्याचे छिद्रही असेच बंद होऊ शकते. दुरुस्तीला बसणाऱ्याने तेथे प्रथम तार घालून पाहावी.